औषधाची आयात आणि कायद्याची सीमा : ‘डाइंग टू सर्व्हाइव्ह’ या चिनी चित्रपटाची चिकित्सा

प्रास्ताविक

परदेशात स्वस्त मिळणारे औषध मायदेशी आणून रुग्णाचा खर्च कमी करणे, हा प्रश्न सामान्यतः अर्थशास्त्राच्या आणि आरोग्य-प्रशासनाच्या अभ्यासकांचा मानला जातो. कलाकृतीचा विषय म्हणून त्याची दखल क्वचितच घेतली गेली आहे. त्यामुळे ५ जुलै २०१८ रोजी चीनमध्ये प्रदर्शित झालेला वेन मुये दिग्दर्शित ‘डाइंग टू सर्व्हाइव्ह’ हा चित्रपट अभ्यासकांचे लक्ष वेधून घेतो. त्याच्या मूळ चिनी नावाचा अर्थ ‘मी औषधांचा देव नाही’ असा आहे. तीन अब्ज युआनपेक्षा अधिक उत्पन्न मिळवणाऱ्या या चित्रपटाने चीनच्या औषधविषयक धोरणाच्या चर्चेला गती दिली. तत्कालीन पंतप्रधान ली कछियांग यांनी त्याच महिन्यात चित्रपटामुळे उठलेल्या लोकभावनेचा उल्लेख करून कर्करोगावरील औषधांच्या किमती त्वरेने कमी करण्याच्या सूचना दिल्या. एखाद्या व्यावसायिक चित्रपटाच्या वाट्याला असे भाग्य फार क्वचित येते.

चित्रपटातील स्वस्त औषध भारतातून येते. त्यामुळे भारतीय प्रेक्षकाला तो दुहेरी जवळचा वाटतो आणि त्याच कारणाने त्याच्याकडे अधिक चिकित्सक दृष्टीने पाहण्याची जबाबदारीही येते. भारतात ते औषध स्वस्त का होते, या प्रश्नाचे उत्तर चित्रपटात मिळत नाही. प्रस्तुत लेखात चित्रपटाच्या कलात्मक सामर्थ्याची नोंद घेत असतानाच या मौनाची चिकित्सा केली आहे.

वास्तव आणि कथानक

चित्रपटाला आधार आहे तो लू योंग या व्यक्तीच्या प्रकरणाचा. चीनच्या जिआंगसू प्रांतातील वूशी शहरातील या उद्योजकाला २००२ मध्ये क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. त्यावर नोव्हार्टिस या स्विस कंपनीचे ‘ग्लिव्हेक’ हे औषध होते. त्याचे शास्त्रीय नाव इमॅटिनिब. महिन्याचा खर्च सुमारे २३,५०० युआन होता. २००४ मध्ये त्यांना त्याच घटकाचे भारतीय बनावटीचे जेनेरिक औषध सुमारे ४,००० युआनला मिळाले. पुढे त्यांनी इतर रुग्णांनाही ते मागवण्यास मदत केली; एकत्रित खरेदी वाढत गेली तसतशी किंमत उतरत जाऊन अखेरीस सुमारे २०० युआनपर्यंत आली. २०१४ मध्ये हुनान प्रांतात त्यांच्यावर बनावट औषधे विकल्याचा आरोप ठेवण्यात आला. सुमारे एक हजार रुग्णांनी त्यांच्या बाजूने सह्या केल्या आणि जानेवारी २०१५ मध्ये सरकारी पक्षाने खटला मागे घेतला.

चित्रपटातील चेंग योंग हा नायक मात्र रुग्ण नाही. शांघायमध्ये ‘भारतीय तेल’ विकणारा तो एक कर्जबाजारी दुकानदार आहे. भाडे थकलेले, पत्नीशी काडीमोड झालेला, मुलाचा ताबा जाण्याच्या बेतात आणि वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी हाती पैसा नाही, अशा अवस्थेत ल्यू शोउयी हा तोंडावर एकावर एक मुखपट्ट्या चढवलेला रुग्ण त्याच्याकडे येतो आणि भारतातून औषध आणण्याची गळ घालतो. चेंग योंग तयार होतो तो निव्वळ पैशासाठी. आजारी मुलीची आई असलेली नर्तकी लिउ सिहुई, वृद्ध पाद्री लिउ आणि कत्तलखान्यात काम करणारा पेंग हाओ हा अबोल तरुण यांची टोळी जमते. नफा होतो, सुबत्ता येते. पुढे झांग चांगलिन हा नकली औषधांचा विक्रेता त्याला कोंडीत पकडतो आणि चेंग योंग धंदा त्याच्या हाती देऊन बाजूला होतो. औषध महागते, मग मिळेनासे होते, ल्यू शोउयीचा मृत्यू होतो. त्यानंतर नायक परत येतो आणि औषध खरेदीच्या किमतीपेक्षा कमी दराने विकू लागतो. शेवटी अटक, शिक्षा आणि सुटका.

रुग्णाच्या जागी व्यापारी नायक आणणे हा या रूपांतरातील सर्वांत महत्त्वाचा बदल होय. लू योंग यांनी आपण औषधातून नफा कमावला नव्हता, हे जाहीरपणे स्पष्ट केले होते आणि त्यांची ती तक्रार समजण्यासारखी आहे. पटकथेच्या दृष्टीने मात्र हा बदल फलदायी ठरला आहे. रुग्णच नायक असता तर प्रेक्षकाची सहानुभूती आरंभापासून गृहीत धरावी लागली असती. व्यापारी नायकामुळे प्रश्न अधिक अवघड होतो : नफ्यासाठी केलेल्या बेकायदा आयातीने जर माणसे जगत असतील, तर तिचे नैतिक मूल्य कोणते? पूर्वार्धात चित्रपट हा प्रश्न खुला ठेवतो. चेंग योंग पैसा कमावत असतो आणि त्याच वेळी शेकडो माणसे जगत असतात, आणि दोन्ही गोष्टी एकाच दृश्यात नांदतात. उत्तरार्धात तो दानशूर होतो आणि प्रश्न सुटतो. म्हणजे खरे तर टाळला जातो. दिग्दर्शकाने पूर्वार्धातील धाडस शेवटपर्यंत टिकवले असते तर चित्रपट कदाचित इतका लोकप्रिय झाला नसता, परंतु अधिक प्रामाणिक झाला असता.

दृश्यभाषेचे सामर्थ्य

वेन मुये यांच्या या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटात प्रतिमांचा वापर संयमित आहे. मुखपट्टी ही त्यातील सर्वांत अर्थवाही वस्तू. रोगप्रतिकारशक्ती कमी झालेल्या रुग्णासाठी ती वैद्यकीय गरज आहे. त्याचबरोबर ती रुग्णाला समाजापासून वेगळे पाडणारी खूणही आहे. पहिल्या भेटीत चेंग योंग ल्यू शोउयीला ती काढायला लावतो, तेव्हा त्या मागणीत गुर्मी असते. शेवटी पोलिसांच्या गाडीतून नेत असताना रस्त्याच्या दुतर्फा उभे असलेले रुग्ण एकामागून एक आपणहून मुखपट्ट्या उतरवतात, तेव्हा त्याच कृतीचा अर्थ पूर्णतः पालटलेला असतो. एक शब्दही न उच्चारता साधलेला हा परिणाम आहे. (२०२० नंतर हा चित्रपट पाहणाऱ्याला या दृश्याचा आणखी एक अर्थ जाणवेल, पण त्याचे श्रेय दिग्दर्शकाला देता येणार नाही.)

दुसरा उल्लेखनीय प्रसंग पोलीस चौकशीचा आहे. औषध कोण पुरवते हे सांगायला एकही रुग्ण तयार होत नाही. तेव्हा एक वृद्ध स्त्री त्साओ बिन या तपास अधिकाऱ्याचा हात धरून त्याला विनवते. महागड्या औषधापायी घर गेले, कुटुंब खचले. तुमच्या घरी कोणी कधी आजारी पडणारच नाही याची खात्री तुम्ही देऊ शकता का, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. या प्रसंगात दिग्दर्शकाने संगीताचा आधार जवळजवळ घेतलेला नाही आणि कॅमेरा चेहऱ्यावरून हलत नाही. अधिकारी नायकाचा पूर्वीचा मेहुणा आहे, हा योगायोग पटकथेला फारसा शोभत नाही; परंतु या एका प्रसंगाने त्या पात्राला जे वजन प्राप्त होते ते पुढे टिकते. कायद्याची अंमलबजावणी करणारा माणूसच कायद्याबद्दल साशंक होतो आणि तपासातून अंग काढून घेतो.

स्त्री-पात्राच्या बाबतीत मात्र पटकथा तोकडी पडते. रुग्णांचे जाळे खऱ्या अर्थाने सिहुईच्या हाती आहे. तिच्यावाचून व्यापार उभाच राहिला नसता. तरीही तिची ओळख नर्तकी आणि आई यापलीकडे जात नाही.

भारतीय प्रेक्षकाच्या मनात येथे एक तुलना सहज उभी राहते. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘आनंद’ (१९७१) मध्ये नायकाला कर्करोग आहे, भोवती डॉक्टर मित्र आहेत, पण उपचाराचा खर्च किती हा प्रश्न कोणी विचारत नाही. भारतीय लोकप्रिय चित्रपटाने आजाराकडे बहुतांशी नियती म्हणून पाहिले. ‘डाइंग टू सर्व्हाइव्ह’ त्याच्याकडे बिल म्हणून पाहतो. झांग चांगलिनच्या तोंडी लेखकांनी घातलेला विचार, की जगात खरा रोग एकच आणि तो म्हणजे गरिबी, हा खलपात्राच्या मुखातून आल्यामुळे अधिक बोचतो.

बनावट आणि विनापरवाना

चित्रपटाचे वैचारिक बळ ज्या एका भेदावर उभे आहे तो येथे नीट समजून घेणे आवश्यक आहे. झांग चांगलिन विकतो ते औषध खरोखर नकली आहे. त्यात रोगावर चालणारा घटकच नाही. चेंग योंग विकतो त्यात तो घटक आहे, फक्त चीनमध्ये त्या औषधाला परवाना नाही. सामान्य माणसाच्या दृष्टीने या दोन गोष्टींत जीवन-मरणाचे अंतर आहे. कायद्याच्या दृष्टीने मात्र नव्हते. चीनच्या २००१ च्या औषध प्रशासन कायद्यानुसार मंजुरीविना आयात केलेले औषध ‘बनावट’ गणले जात असे. शिवाय २०११ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती होऊन, आरोग्यास गंभीर धोका पोहोचला पाहिजे ही अट गाळण्यात आली. म्हणजे ज्या गोळीने रोगी बरा होतो ती विकणाराही बनावट औषधाचा गुन्हेगार ठरू शकत होता. २०१४ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालय आणि महाअभियोक्ता कार्यालयाने काढलेल्या अर्थनिर्णयात अल्प प्रमाणातील, अपाय न करणाऱ्या परदेशी औषधांची विक्री गुन्हा न मानण्याची सवलत आली. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये कायदाच बदलला आणि १ डिसेंबर २०१९ पासून विनापरवाना आयात केलेले औषध केवळ त्या कारणासाठी ‘बनावट’ ठरणे बंद झाले. चित्रपट आणि कायदा यांच्यातील कार्यकारणभाव इतका सरळ नसतो हे खरे. तरी शब्दाच्या व्याख्येतील अन्याय लाखो प्रेक्षकांना दृश्यातून कळला, ही या चित्रपटाची नि:संशय कामगिरी आहे.

तथापि, या भेदाची दुसरी बाजू चित्रपट बघत नाही. परवाना ही निव्वळ नोकरशाहीची अडवणूक नसते. परवान्याशिवाय आलेल्या गोळीत घटक योग्य मात्रेत आहे की नाही, हे रुग्णाला चव घेऊन कळत नाही. चित्रपटात भारतीय गोळी चालते, कारण पटकथेला ती चालायला हवी आहे. प्रत्यक्षात भारतीय औषध उद्योगाचा लौकिक मोठा असला तरी तो डागरहित नाही : मे २०१३ मध्ये रॅनबॅक्सीच्या अमेरिकेतील कंपनीने निकृष्ट औषधे आणि खोट्या माहितीसंबंधीचे आरोप अमेरिकेत मान्य केले आणि ५० कोटी डॉलर भरण्याची तयारी दर्शवली. आयात केलेल्या औषधाचा कैवार घेणाऱ्याने या प्रश्नाला उत्तर दिलेच पाहिजे. लू योंग यांच्या प्रकरणात ते उत्तर रुग्णांच्या स्वतःच्या रक्तचाचण्यांनी दिले. धोरण म्हणून ते पुरेसे नाही.

हीच गाठ अमेरिकेत वेगळ्या रीतीने पडलेली दिसते. जाँ-मार्क व्हॅले यांचा ‘डॅलस बायर्स क्लब’ (२०१३) हा या विषयावरील दुसरा प्रसिद्ध चित्रपट. त्यात रॉन वुडरूफ मेक्सिकोहून एड्सवरील औषधे आणतो. परंतु तेथील अडसर किमतीचा नसून मंजुरीचा आहे. औषध मायदेशी मिळतच नाही, म्हणून बाहेरून आणले जाते. त्यामुळे तो चित्रपट व्यक्तीच्या निवडस्वातंत्र्याची कथा होतो, आणि अमेरिकन प्रेक्षकाला ती परिचित आहे. किमतीची कथा अमेरिकेतही घडत होतीच. १९९९ मध्ये बर्नी सँडर्स व्हर्माँटमधील स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रियांना घेऊन स्वस्त टॅमॉक्सिफेनसाठी माँट्रियलला गेले होते. २००३ च्या कायद्याने कॅनडातून घाऊक आयातीची वाट ठेवली, पण ती सुरक्षित आणि बचतीची आहे असे आरोग्यमंत्र्याने प्रमाणित करण्याची अट घातली. ते प्रमाणपत्र यायला २०२० उजाडले आणि फ्लोरिडा राज्याला प्रत्यक्ष मंजुरी मिळाली ती जानेवारी २०२४ मध्ये. त्याआधीच, नोव्हेंबर २०२० मध्ये, कॅनडाने आपल्याकडे टंचाई निर्माण होईल अशा निर्यातीवर बंदी घातली होती. अमेरिकेच्या लोकसंख्येच्या जेमतेम आठव्या-नवव्या हिश्शाइतक्या देशाने शेजाऱ्याला औषध पुरवावे, ही अपेक्षाच मुळात अवास्तव होती.

कॅनडाच्या उदाहरणातून एक तत्त्व स्पष्ट होते. तेथे औषध स्वस्त आहे ते त्या देशाच्या शासनाने पेटंटधारक औषधांच्या किमतींवर १९८७ पासून मंडळ नेमून लक्ष ठेवले आणि प्रांतांनी वाटाघाटी केल्या म्हणून. अमेरिकन ग्राहक सीमेपलीकडून गोळी आणतो तेव्हा तो वस्तुतः कॅनडाचे किंमत-नियंत्रण आयात करत असतो. ज्या देशाने स्वतःचे धोरण बदलायचे नाकारले तो दुसऱ्याच्या धोरणाचे फळ मागवतो, असा हा व्यवहार आहे.

भारत : औषध की कायदा?

हेच तत्त्व चीन आणि भारताला लावले म्हणजे चित्रपटातील मौन अधिक ठळक होते. भारतीय गोळी स्वस्त का? चित्रपट याचे उत्तर देत नाही. भारत दिसतो तो धुराने भरलेल्या रस्त्यातून जाणाऱ्या कालीच्या आणि शिवाच्या मूर्तींच्या रूपाने, आणि एका कारखानदाराच्या कार्यालयात. संहाराच्या देवतांची ही योजना दिग्दर्शकाने विचारपूर्वक केली असावी. परंतु नकळत तीतून असे सूचित होते की स्वस्त औषध हे पूर्वेकडील गूढ देशाचे दान आहे. वास्तविक त्याचा उगम कोणत्याही दैवतापाशी नसून संसदेच्या एका कायद्यापाशी आहे.

१९७० च्या पेटंट कायद्याने भारतात औषधाच्या उत्पादनावर पेटंट देणे बंद केले. फक्त प्रक्रियेवर ते मिळत असे. तोच घटक वेगळ्या प्रक्रियेने बनवण्यास भारतीय कंपन्या मोकळ्या झाल्या आणि पुढील तीन दशकांत जेनेरिक औषधांचा उद्योग उभा राहिला. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार भारताने उत्पादन-पेटंट लागू केले ते दिलेली संपूर्ण मुदत वापरून, १ जानेवारी २००५ पासून. चीनने औषधांना उत्पादन-पेटंट दिले ते १ जानेवारी १९९३ पासूनच, म्हणजे त्या संघटनेचा सदस्य होण्याच्या जवळजवळ नऊ वर्षे आधी. इमॅटिनिबचे मूळ पेटंट त्यानंतरचे असल्याने चीनमध्ये ते २०१३ पर्यंत टिकले. भारतात ते कधी मिळालेच नाही. एकाच रोगाचे दोन रुग्ण, एक शांघायचा आणि एक मुंबईचा, यांच्या गोळीच्या किमतीत जो फरक होता त्याचे मूळ या तारखांत आहे. चित्रपटात चेंग योंग विमानाने भारतात येतो. खरे पाहता तो एका कायद्याच्या अमलातून दुसऱ्या कायद्याच्या अमलात येतो.

हा कायदाही आयता टिकला नाही. नोव्हार्टिसने इमॅटिनिबच्या एका विशिष्ट स्फटिकरूपासाठी १९९८ मध्ये भारतात अर्ज केला होता. २००३ मध्ये कंपनीला विपणनाचा अनन्य हक्क मिळाला, तेव्हा काही भारतीय कंपन्यांना उत्पादन थांबवावे लागले. त्या काळी भारतात ग्लिव्हेकचा मासिक खर्च सुमारे १,२०,००० रुपये आणि जेनेरिकचा सुमारे ८,००० ते १०,००० रुपये होता. अर्जाला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णसेवी संस्था होती. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाने परिणामकारकतेत लक्षणीय वाढ होत नसेल तर पेटंट नाही, असे सांगणारे कायद्यातील कलम ३(ड) निर्णायक ठरले. त्या कलमाच्या घटनात्मकतेला दिलेले आव्हान मद्रास उच्च न्यायालयाने २००७ मध्ये फेटाळले आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. आफताब आलम व न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने कंपनीचे अपील नामंजूर केले.

ही घटनामालिका चित्रपटाच्या बाहेर राहिली आहे. चित्रपटात स्विस कंपनीच्या दबावाने भारतीय कारखाना बंद पडतो आणि नायकाला किरकोळ दुकानांतून महाग औषध गोळा करावे लागते. विशिष्ट काळापुरते असे घडणे शक्य होते. परंतु अंतिम निकाल नेमका उलट लागला, आणि तो लागण्यात कर्करोगाच्या रुग्णांची एक संघटना पक्षकार होती, ही गोष्ट चिनी प्रेक्षकापर्यंत पोहोचत नाही. चिनी रुग्ण सह्या करून एका माणसाला सोडवू पाहत होते तेव्हा भारतीय रुग्णांनी पेटंट कार्यालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागून औषध मोकळे राखले होते. या दोन मार्गांची तुलना करण्याची फार मोठी संधी पटकथेने गमावली आहे. चित्रपटात एकही भारतीय रुग्ण नाही. जेनेरिकचे महिना आठ-दहा हजार रुपयेही ज्यांना झेपत नव्हते असे असंख्य रुग्ण भारतात होते, हे दिसले असते तर ‘स्वस्त भारत’ ही कल्पना काहीशी गुंतागुंतीची झाली असती.

या संदर्भात आणखी एक स्मरण अप्रस्तुत ठरू नये. १९३८ मध्ये राष्ट्रीय काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते १९४२ मध्ये तेथेच मृत्यू पावले आणि व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला. भारतातून चीनला जाणाऱ्या वैद्यकीय मदतीची कथा पडद्यावर येण्याची ‘डाइंग टू सर्व्हाइव्ह’ ही म्हणून पहिली वेळ नव्हे. त्या वेळी मदत पाठवणाऱ्या राष्ट्रीय चळवळीची ती भूमिका होती; या वेळी ती एका पार्सलातून आली आणि घेणारा आरोपी झाला.

खलनायक कोण?

चित्रपटाने कंपनीच्या प्रतिनिधीला सपाट खलपात्र केले आहे. तो पोलिसांना तपासाची घाई करतो, रुग्णांकडे पाठ फिरवतो, आणि एवढेच त्याचे काम. कंपनीची बाजू मांडायला हवी होती, ती कंपनीच्या भल्यासाठी नव्हे, तर वादाच्या भल्यासाठी. नोव्हार्टिसच्या मदत-योजनेत चीनमधील पात्र रुग्णांना तीन महिन्यांचे औषध विकत घेतल्यावर वर्षाचे उरलेले नऊ महिने मोफत मिळत असे; भारतातही बहुसंख्य ग्लिव्हेक रुग्णांना ते मोफत दिले जात असल्याचे कंपनीचे म्हणणे होते. या योजनेचा चित्रपटात उल्लेखही नाही. तो असता तर प्रश्न अधिक टोकदार झाला असता, कारण मग विचारावे लागले असते की जीवनावश्यक वस्तू हक्क म्हणून मिळावी की कृपा म्हणून, आणि तीन महिन्यांचे सत्तर हजार युआन ज्याच्यापाशी नाहीत त्याने त्या कृपेच्या दारापर्यंत तरी कसे पोहोचावे.

संशोधनाचा खर्च हे उंच किमतीचे नेहमीचे समर्थन. इमॅटिनिबच्या बाबतीत ते तपासण्याजोगे आहे. या रोगाची जनुकीय खूण असलेले ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ १९६० मध्ये आढळले आणि त्याचे स्वरूप जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये उलगडले, ते विद्यापीठीय संशोधनातून. औषधाच्या विकासात कंपनीचा वाटा मोठा होताच; परंतु २००१ मध्ये अमेरिकेत वर्षाला सुमारे ३०,००० डॉलर असलेली किंमत २०१२ पर्यंत सुमारे ९२,००० डॉलरवर गेली, तिचे समर्थन संशोधनाच्या खर्चाने होत नाही, कारण तो खर्च आधीच झालेला होता. २०१३ मध्ये ‘ब्लड’ या नियतकालिकात या रोगाच्या शंभराहून अधिक तज्ज्ञांनी अशा किमतींविरुद्ध निवेदन प्रसिद्ध केले. औषधाच्या विकासातील अग्रणी संशोधक ब्रायन ड्रुकर हे त्यांपैकी एक होते. ज्याने औषध घडवले त्यालाच किंमत अन्याय्य वाटते, यापेक्षा नाट्यपूर्ण सामग्री कोणत्या पटकथाकाराला हवी होती?

कंपनी खलनायक ठरल्यामुळे शासन आपोआप बाजूला राहते. पेटंटचा कायदा कोणी केला, सक्तीच्या परवान्याची तरतूद असूनही ती का वापरली नाही, विमा-यादीत औषध येण्यास इतका काळ का लागला, हे प्रश्न उपस्थितच होत नाहीत. त्याऐवजी चित्रपटाच्या अखेरीस शासनाने केलेल्या सुधारणांच्या पाट्या झळकतात. त्यांतील माहिती खोटी नाही. कर्करोगावरील औषधांचे आयात शुल्क मे २०१८ पासून शून्यावर आले; इमॅटिनिब २०१७ मध्ये राष्ट्रीय विमा-यादीत आले होते; चित्रपटानंतर, ऑक्टोबर २०१८ मध्ये, वाटाघाटींतून सतरा कर्करोग-औषधे सरासरी ५६.७ टक्के कमी किमतीत यादीत घेण्यात आली. चिनी अभ्यवेक्षणाच्या चौकटीत अशा पाट्यांविना हा चित्रपट प्रदर्शित झाला असता का, हा प्रश्न रास्त आहे आणि त्यासाठी दिग्दर्शकाला दोष देणे अनुचित ठरेल. तरीही परिणाम असा होतो की नायकाचा त्याग आणि शासनाची कृपा या दोन टोकांमध्ये कायदा घडवण्याची जी लोकांची जागा असते ती रिकामी राहते. सुटून आलेल्या चेंग योंगला आता तस्करीची गरज उरली नाही असे सांगितले जाते, आणि प्रेक्षक समाधानाने उठतो.

ते समाधान कितपत टिकाऊ आहे, हे भारताकडे पाहिल्यास कळते. २००५ नंतर शोध लागलेल्या औषधांना भारतातही उत्पादन-पेटंट मिळते. मार्च २०१२ मध्ये सोराफेनिब या कर्करोग-औषधासाठी नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना मिळाला आणि महिन्याचा खर्च सुमारे २,८०,००० रुपयांवरून ८,८०० रुपयांवर आला. पण आजवर भारताने दिलेला असा तो एकमेव परवाना आहे. इमॅटिनिब ज्यांच्यावर चालेनासे होते अशा ल्युकेमियाच्या रुग्णांसाठी डॅसाटिनिब हे पुढचे औषध आहे. त्याच्यासाठी मुंबईच्या एका कंपनीने केलेला सक्तीच्या परवान्याचा अर्ज २०१३ मध्ये नामंजूर झाला. ल्यू शोउयीच्या शरीराने पहिल्या औषधाला दाद देणे थांबवले असते आणि चेंग योंग त्या वर्षी डॅसाटिनिबच्या शोधात पुन्हा भारतात आला असता, तर त्याला येथेही तोच पेटंटचा अडसर भेटला असता.